हिरोचे हात

पिक्चर काढायची कल्पना सम्राटची. रंभाजीदादांचा हा एकुलता एक पोरगा डिप्लोमा झाल्यावर दोन वर्षं पुण्यात नोकरी करून परत आला, तो एक इंग्रजी मासिक घेऊनच. त्यात परदेशातल्या कंप्युटरवाल्यांच्या हकिकती होत्या. कुणी मोटार ठेवायच्या खोलीत धंदा सुरू केला, कुणी कॉलेज अर्धवट सोडलं, आणि आता म्हणे त्यांच्यावर पिक्चर निघणार. सम्राटनं जेवता जेवता ते सगळं मराठीत सांगितलं. म्हणाला, त्यांच्या निदान मोटारीला तरी खोली होती, आपल्या दादांनी तर दहा बाय आठच्या खोलीत चुलीशेजारी कारखाना काढला, मग दादांवर का नको? दादांचा भाकरी मोडणारा हात थांबला. ते दोनदा नको म्हणाले, पण ज्या तऱ्हेनं म्हणाले त्यावरून भागिरथीला कळलं की पिक्चर निघणार.

नगर जिल्ह्यात ज्याची विहीर आहे त्याला रंभाजीदादा कोण हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगायला हवं. वीज यायचा नेम नसायचा, म्हणून शेतकरी मोटार चालू करायला विहिरीवर ताटकळत बसायचा. दादांनी असा एक लोखंडी डबा तयार केला की वीज आली की तो आपोआप मोटार चालू करतो आणि माणूस घरी निवांत झोपतो. डब्याचं नाव त्यांनी ठेवलं ‘जागल्या’. दादांच्या आज्यानं कोल्हारच्या वेशीवर गावासाठी जागून जन्म काढला होता आणि त्याबद्दल त्याला मिळायचे ते भाकरीचे तुकडे. आमच्या घराण्याचं जागून झालं, आता डबा जागंल, असं दादा म्हणायचे. हे सांगताना ते कधी हसायचे नाहीत. आता, म्हणजे शहाण्णव साली, नागापूरच्या एमआयडीसीत त्यांचा स्वतःचा कारखाना होता, साठ माणसं कामाला होती आणि धंद्याला पंचवीस वर्षं पुरी होत होती.

भागिरथीला पिक्चरचं वावडं नव्हतं. उलट तिला गंमतच वाटत होती. पण तिचा जीव एका गोष्टीत अडकला होता आणि ती तिनं पंचवीस वर्षांत कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती.

गोष्ट अशी. एकाहत्तर साली दादा नगरात पाण्याच्या मोटारी रिवाइंड करण्याच्या, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळण्याच्या दुकानात हेल्पर होते. संध्याकाळी सिद्धार्थनगरातल्या खोलीवर येऊन डबा जुळवत बसायचे. डब्याचं काळीज म्हणजे त्यातली कॉइल. केसाएवढी बारीक तांब्याची तार, तिचे रिळावर बरोबर बाराशे फेरे. फेरे कमी पडले की कॉइल तापते आणि जळते. दादांना कल्पना सुचायच्या, पण गप्प बसणं जमायचं नाही. तीनशेवर आले की काहीतरी आठवायचं, ते बोलायचे आणि आकडा विसरायचे. अशा चार कॉइली जळाल्या, खोलीभर धूर झाला, घरमालक दोनदा येऊन गेला. पाचव्या वेळी भागिरथीनं त्यांच्या हातातून तार काढून घेतली. हातानं फिरवायचा ड्रिल तिनं पाट्याला दोरीनं आवळून बांधला, त्याच्या टोकात कॉइलचं रीळ बसवलं, तारेचं भेंडोळं पायाच्या बोटांत धरलं आणि पुढ्यात बारा चिंचोके मांडले. शंभर फेरे झाले की नखानं दोनदा टकटक करायची आणि एक चिंचोका पलीकडे सरकवायची. दादांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, मधी बोलू नका. ती कॉइल जळाली नाही.

पुढं पंधरा दिवसांनी नगरला शेतीचं प्रदर्शन भरलं. दादांनी तिथं कोपऱ्यात एक टेबल मिळवलं. साहेब लोक आले, डबा उघडून पाहिला आणि इतकी सुबक कॉइल कुणी बांधली म्हणून विचारलं. भागिरथी तेव्हा मागच्या पडद्याआड दीड महिन्याच्या सम्राटला पाजत बसली होती. दादा म्हणाले, मी.

तिनं ते ऐकलं. तिला वाटलं, घाईत बोलून गेले, घरी गेल्यावर म्हणतील. मग बक्षीस मिळालं, पेपरात आलं, सत्कार सुरू झाले आणि प्रत्येक सत्काराला कुणीतरी उठून सांगायचं की पहिली कॉइल दादांनी स्वतःच्या हातानं बांधली. दादा मान खाली घालून बसायचे आणि लोक म्हणायचे, काय हा विनय. तसा माणूस वाईट नव्हता. त्यांनी कॉइली बांधायचं, म्हणजे वाइंडिंगचं, सगळं खातं तिच्या हवाली केलं, तिच्या शब्दाबाहेर कधी गेले नाहीत. पण तेवढं एक वाक्य काही त्यांच्या तोंडून बाहेर पडलं नाही. भागिरथीनंही मागितलं नाही. मागून मिळालं तर त्यात काय राहिलं, असं तिला वाटायचं. आपण होऊन म्हणावं, आणि चार लोकांत म्हणावं. आता पिक्चर निघतोय म्हटल्यावर ती मनाशी म्हणाली, या वेळी ते वाक्य म्हणाले नाहीत तर मग कधीच नाही.

पुण्याहून डायरेक्टर आला. दाढीवाला, अंगात भरपूर खिशांचा सदरा. येताना हिरोच्या कामासाठी चार नटांचे फोटो घेऊन आला आणि ते कॅन्टीनच्या टेबलावर मांडले. अख्खा कारखाना फोटोंभोवती जमला. आता रंभाजीदादा दिसायला कसे, तर बुटके, काळेसावळे, चाळिशीतच टक्कल पडलेले, उजवा कान जरा दुमडलेला. ही गोष्ट कुणाला माहीत नव्हती असं नाही. तरी सगळ्यांचं बोट पडलं ते सहा फुटी, गोऱ्यापान, कुरळ्या केसांच्या नटावर. तो पुण्यात नाटकांत राजपुत्राची कामं करायचा. पॅकिंगवाल्यांचं म्हणणं, एवढी कंपनी काढणारा माणूस उंचच असणार. टेम्पोवाल्यानं निदान एक मारामारी टाका म्हणून सुचवलं. दादांची थोरली बहीण केशरबाई खास कोल्हारहून आली होती. तिनं फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि सांगितलं की आमचा रंभा लहानपणी अस्साच गोरा होता, पुढं उन्हानं रापला. खुद्द दादांनी चारी फोटो आलटून पालटून पाहिले आणि शेवटी त्याच नटावर बोट ठेवलं. भागिरथीला इतकं हसू आलं की तिला पाणी प्यायच्या निमित्तानं उठून जावं लागलं.

परत आली तेव्हा डायरेक्टर तिचं काम करणाऱ्या मुलीचा फोटो दाखवत होता. नाजूक, विशीची पोरगी. तिला एकूण तीन प्रसंग होते. पहिल्यात ती चहा आणते, दुसऱ्यात चहा आणते आणि तिसऱ्यात डब्याला ओवाळते. ओवाळण्याला मात्र दादांनी तिथल्या तिथं नकार दिला, आमच्यात असलं काही नसतं, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असू द्या, तेवढा पुरे, म्हणाले. मग तिसऱ्या प्रसंगातही चहाच ठेवला.

"पर ह्या पोरीला काम काय हाय?" भागिरथीनं विचारलं.

ती दादांच्या मागे खंबीरपणे उभी राहते, असं डायरेक्टरनं समजावलं.

"मागं कुठं उभी ऱ्हाईल? मागं भिंत हुती."

सगळे हसले. दादाही हसले, पण त्यांचं हसू लवकर संपलं आणि ते चष्मा पुसत बसले. भागिरथीनं ते पाहिलं. आता म्हणतील, असं तिला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. दादांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि जेवणाचं काय झालं म्हणून चौकशी केली.

शूटिंग सुट्टीच्या दिवशी ठेवलं होतं, म्हणून कामगार नव्हते. वाइंडिंगच्या चोवीस बायकांपैकी एकही नव्हती. एका शेडच्या कोपऱ्यात दहा बाय आठची खोली उभी केली होती. चूल, पाटा, पाट्याला बांधलेला हातड्रिल, सगळं दादांनी सांगितलं तसं मांडलेलं. हिरो पोरगा गुणी होता, आल्या आल्या त्यानं दोघांना वाकून नमस्कार केला. पण पहिल्या कॉइलचा प्रसंग आला आणि त्याचं काही चालेना. तार हातात घेतली की तुटायची. नऊ वेळा तुटली. दहाव्या वेळी तुटली नाही, पण त्याच्या बोटांभोवती असा गुंता झाला की मेकअपवाल्याला तो कात्रीनं सोडवावा लागला.

डायरेक्टरनं कपाळावरचा घाम पुसला. म्हणाला, हरकत नाही, चेहरा याचा घेऊ आणि हात दुसऱ्याचे जवळून घेऊ, सफाईनं कॉइल बांधणारा कुणी पुरुष बोलवा. सम्राटनं डोकं खाजवलं. कारखान्यात असा पुरुषच नव्हता. पहिल्या दिवसापासून वाइंडिंग बायकांचं, आणि त्या सगळ्यांना शिकवलं होतं भागिरथीनं. डायरेक्टरला एकदम सुचलं. तो दादांकडे वळून म्हणाला की दादा, तुम्हीच बसा ना, पहिली तुम्हीच तर बांधली होती.

शेडमध्ये दिव्यांचा उकाडा होता. भागिरथी नकळत पुढं सरकली. हाच तो क्षण, यापेक्षा सोपं करून कुणी मांडून देणार नव्हतं. दादांनी हातड्रिलकडे पाहिलं, तारेकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि चटकन नजर काढून घेतली.

"मला आता बारीक दिसत न्हाई," ते म्हणाले. "हिला बसवा. हिचा हात साफ हाय."

भागिरथीला वाईट वाटलं. अगदी मनापासून वाईट वाटलं आणि वर रागही आला. पण पाच माणसांत ती काय बोलणार. तिनं लुगड्यावरून हिरोचा लांब बाह्यांचा सदरा चढवला, बांगड्या कोपरापर्यंत मागं सारून दोऱ्यानं बांधल्या आणि बसली. बसता बसता चिंचोके मागितले. ते कशाला, असं डायरेक्टरनं विचारल्यावर त्याशिवाय आपल्याला मोजता येत नाही, असं तिनं सांगितलं. कुणीतरी धावत जाऊन वाइंडिंग खात्यातून बारा चिंचोके आणले. रागात तिचा हात नेहमीच जास्त चांगला चालायचा. त्या दिवशी तार रिळावर अशी बसत गेली की कॅमेरावाला डोळा काढायला तयार होईना. पाच सेकंद पुरे, असं डायरेक्टर म्हणाला होता, पण बारावा चिंचोका सरकेपर्यंत कुणी थांब म्हणालं नाही.

घरी जाताना दादा जीपमध्ये पुढं ड्रायव्हरशेजारी बसले. भागिरथी मागं बसून बाहेर बघत राहिली. तिच्या मनात आलं, भले, आता माझे हातसुद्धा यांच्या अंगाला लावून टाकले. या विचाराचं तिला हसू यायला पाहिजे होतं, पण आलं नाही.

एक मेला कारखाना बंद ठेवून सकाळी अकराला पिक्चर दाखवायचा ठरला. मोठ्या शेडच्या खिडक्यांना काळं प्लास्टिक लावलं आणि भाड्यानं आणलेले चार टीव्ही टेबलांवर ठेवले. त्यातल्या एकावर सगळी माणसं हिरवी दिसत होती, त्यामुळे तिथं कुणी बसेना. कोल्हारहून दोन टेम्पो भरून भावकी आली. वाइंडिंगच्या बायका नवी लुगडी नेसून पुढच्या दोन रांगांत, त्यांच्यात सगळ्यात जुनी झुंबरबाई अगदी टीव्हीसमोर. पत्र्याखाली उन्हानं जीव चालला होता, तरी जागचं कुणी हललं नाही.

पिक्चर सुरू झाला. कोल्हारची नदी आली, टाळ्या पडल्या. हिरो आला आणि शिट्ट्या पडल्या. तो एसटीतून उतरला, वाऱ्यावर केस उडवत खोलीत शिरला आणि त्या सहा फुटी माणसाचं डोकं दाराच्या चौकटीला टेकलं. केशरबाईनं शेजारणीला खात्रीनं सांगितलं की रंभा तवा अस्साच दिसायचा. मागून कुणीतरी म्हटलं, ह्यो दादा न्हाई, ह्यो तर दादांचा साहेब वाटतोय, आणि हशा पिकला. दादाही खुर्चीत हलून हलून हसत होते. पोरगी पहिला चहा घेऊन आली. पोरगी दुसरा चहा घेऊन आली.

मग पडद्यावर हिरोचा चेहरा आला, भुवया आवळलेल्या, आणि पाठोपाठ हात. सदऱ्याच्या पांढऱ्या बाह्या आणि दोन काळेसावळे, राकट, नेमके हात. डायरेक्टरनं पाच सेकंदांचं वचन मोडलं होतं. मधले तुकडे काढून त्यानं बाराच्या बारा चिंचोके ठेवले होते. भागिरथी आपल्याच हातांकडे परक्यासारखी बघत होती. मागं वाद्यं वाजत होती, निवेदक भारी आवाजात सांगत होता की रंभाजींच्या हातांनी त्या दिवशी इतिहास गुंफला.

नखानं रिळावर दोनदा टकटक केलं. चिंचोका सरकला.

"शंभर," झुंबरबाई म्हणाली. तिला आपण बोललो हेही कळलं नसावं.

पुन्हा टकटक, पुन्हा चिंचोका. "दोनशे," अख्खी पुढची रांग म्हणाली. चोवीस बायका रोज आठ तास हेच करत होत्या. टकटक ऐकली की आकडा तोंडात यायचा, त्यांचा त्यात काही दोष नव्हता. तीनशेला दुसरी रांग मिळाली. पाचशेला काहींची नखं खुर्चीच्या दांड्यावर वाजायला लागली. आणि सहाशेला झुंबरबाई थांबली, पुढं वाकली आणि मागं वळली.

"ह्या वयनी हायेत," ती म्हणाली. "ह्यो हात वयनींचा हाय. असं दोनदा टकटक करायला मला वयनींनीच शिकवलं."

बायकांत कुजबुज झाली. मान वळवून सगळ्या भागिरथीकडे बघायला लागल्या, मग दादांकडे. भागिरथीनं पदर डोक्यावर ओढून घेतला. तिला वाटलं, आता यांची फजिती होणार, आणि ते तिला नको होतं. तिला ते वाक्य हवं होतं, पण असं ओढून काढलेलं नको होतं.

दादा उठले. सम्राटला पिक्चर थांबवायला सांगितलं. चारी टीव्हींवर तिचे हात जागच्या जागी थरथरत उभे राहिले, एकावर हिरवे. दादा सगळ्यांसमोर जाऊन उभे राहिले. उंच हिरोनंतर ते आणखीनच बुटके दिसत होते.

"हे हात हिरोचे न्हाईत, माझेबी न्हाईत," ते म्हणाले. "भागिरथीचे हायेत. आन् पिच्चरपुरते न्हाई. पैली कॉइल तिनं बांधली. मी चार बांधल्या, चारी जळाल्या. परदर्शनात साहेबानं इचारलं, कुनी बांधली, आन् मी म्हनलो, मी. ती पडद्याआड सम्राटला घेऊन बसली हुती." इथं त्यांनी चष्मा काढला. "तिनं ऐकलं, हे मला त्याच येळंला कळलं हुतं. तवापासून रोज ठाव हाय."

भागिरथीला हे माहीत नव्हतं. त्यांना पत्ताच नाही, विसरले असतील, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. त्यांना ठाऊक होतं आणि तरी त्यांना जमलं नव्हतं. म्हणजे तिच्यासारखेच तेही ते वाक्य रोज घशात घेऊन हिंडत होते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही कुठं गेला ते तिला समजलं नाही.

सगळ्यांत आधी केशरबाईनं तोंड उघडलं.

"तरीच. ह्याला ल्हानपनी चड्डीची नाडी बांधता येत न्हवती. कॉइल कशी बांधली म्हून मी कवाची इचारात हुते."

मग जे हसू फुटलं ते आवरेना. दादा हसले, सम्राट हसला, खिशांच्या सदऱ्याचा डायरेक्टर कपाळाला हात लावून हसला. म्हणाला, आता सगळं निवेदन बदलावं लागेल, चहाचे तिन्ही प्रसंगही जातील. ‘दादांच्या भूमिकेत’ म्हणून हिरोचं नाव येईल त्याखाली ‘हात’ लिहून भागिरथीबाईंचं नाव घालू का, असं त्यानं विचारलं. भागिरथीनं सांगितलं की घाला, पण त्या चहावाल्या पोरीला काढू नका, बिचारी पुण्याहून आली होती, तिच्या हातात तार द्या, मी शिकवते. झुंबरबाईला मात्र या बोलण्यात रस नव्हता. तिनं टीव्हीकडे हात करून फर्मावलं की मागं घ्या, पहिल्यापासून हात दाखवा.

सम्राटनं टेप मागं घेतली. दादा आपल्या खुर्चीवर गेले नाहीत. ते भागिरथीच्या शेजारच्या बाईला उठवून तिथं बसले. पुन्हा पांढऱ्या बाह्या आल्या, पुन्हा टकटक झाली. या वेळी बायका मोजणार तोच दादांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि मोठ्यानं स्वतः मोजायला लागले. शंभर. दोनशे. तीनशे. शेड ऐकत होती. सातशे म्हणता म्हणता ते भागिरथीकडे वळले.

"लई उशीर झाला का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

पडद्यावर टकटक झाली आणि चिंचोका सरकला. दादांनी गडबडीनं टीव्हीकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि त्यांना आकडा काही केल्या आठवेना. त्यांनी बोटं चाचपली, चिंचोक्यांकडे बघून ओठ हलवले. पुढच्या रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून बसल्या होत्या.

"आठशे," भागिरथी म्हणाली. "मधी बोलू नका."